दीड वीत नि दोन बोटं

भूल देण्याच्या बंदुकीवरची जुनी दुर्बीण धुरकट झाली होती, म्हणून नवी आली. ती बसवून निशाण्याला लावायचं काम माझ्याकडे आलं. मी वनरक्षक. घरातली पहिली ग्रॅज्युएट. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते.

घाई होती ती जऊळक्याची. तिथं स्टेशनाजवळ एक लाल तोंडाचं माकड चावत सुटलं होतं. एका म्हातारीच्या पोटरीला सात टाके पडले होते. लोक म्हणत होते, तुमी नेत नसाल तर आमी पाहतो. ‘पाहतो’ म्हणजे भाकरीत काहीतरी कालवून ठेवणार, हे मला कळत होतं. त्याला जिवंत न्यायचं तर सुई मांडीच्या मांसातच लागायला हवी. पोटात गेली तर मेलं. खाली गुडघ्यावर बसली तर हाड गेलं, आणि पाय मोडलेलं माकड जंगलात जगत नाही. माकड केवढंसं, त्याची मांडी केवढीशी! दोन दिवस मी अर्ध्या ताटावरून उठत होते.

मालेगावच्या ऑफिसात मोकळी जागा नाही. साहेबांना विचारून मी बंदूक किन्हीराजाला आमच्या शेतात नेली. सोयाबीन कापून झालेलं, आजूबाजूला कुणी नाही. सोबत आमचे वनमजूर काका होते. बाबा आपणहून आले.

दुर्बीण दोन कड्यांत धरायची, कड्या बंदुकीवर बसवायच्या, आणि स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसे. पण त्याआधी दुर्बिणीतली उभी रेघ खरंच उभी आहे का, हे पाहावं लागतं. बाबांनी घरातला गवंड्याचा ओळंबा आणला आणि बाभळीच्या फांदीला टांगला. मी डोळा लावून दुर्बीण केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होते, रेघ दोरीवर येईपर्यंत.

“बाई, हे बंदूक हाय का नवरदेव?” बाबा म्हणाले. “केवढं नटवून राह्यली त्याले!”

मग अंतर. पंचवीस मीटरवरून सोडायचं ठरलं होतं. टेप होता जीपमध्ये, आणि जीप गेली होती डिझेल भरायला.

“टेप कायले पाह्यजे?” बाबा म्हणाले. “तास मोज.”

आमच्याकडे पेरणीच्या ओळीला तास म्हणतात. आमच्या वावरात बैलांच्या तिफणीनं पेरलं की एका तासापासून दुसरा तास दोन विती, म्हणजे अठरा इंच. निंदणाला बसत होते तेव्हापासून मला हे पाठ. मी तोंडी हिशेब केला, पंचावन्न तास आले. कापलेल्या ओळींची धसकटं मोजत गेलो आणि तिथं कुटारानं, म्हणजे सोयाबीनच्या भुशानं, भरलेलं पोतं उभं केलं. त्यावर चुन्याचा ठिपका. औषधाच्या सुईत पाणी भरून तेवढंच वजन केलं. पहिली सुई खाली डावीकडे गेली. दुर्बिणीची वरची घुंडी फिरवली, बाजूची फिरवली, टिक, टिक. दर वेळी पोत्यापर्यंत जायचं, सुई उपसायची, परत यायचं. शेवटच्या पाच सुया माझ्या पंजाखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ बसल्या.

“आता माकड पिंजऱ्यात गेलंच समज,” बाबा म्हणाले. मलाही तसंच वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

जऊळक्याला सकाळी पोचलो तर निम्मं गाव जमलेलं. माकड एका बंद गोदामाच्या टिनाच्या छपरावर आडवं बसून अंग खाजवत होतं. सोबत आलेल्या जनावरांच्या डॉक्टर साहेबांनी सुई भरून दिली. काकांनी टेप धरला, आम्ही गोदामापासून एका भिंतीच्या आडोशापर्यंत पंचवीस मीटर मोजले. मी चालत मागं आले आणि सवयीनं पावलं मोजली. तेहतीस.

गुडघा टेकला, डोळा लावला. रेघ मांडीवर आली. आणि बोट चापावर जाईना.

शेतात पोत्यापर्यंत मी दहा-बारा वेळा गेले-आले होते. दर वेळी अठ्ठावीस पावलं.

“काका, शेतात एवढं दूर होतं का?”

“मलेबी दूरच वाटून राह्यलं, मॅडम. पण तुमी हिशेब केल्ता.”

हिशेब मीच केला होता. मी बंदूक खाली घेतली आणि बाबांना फोन लावला.

“बाबा, यंदा पेरणी कायनं केली?”

“ट्रॅक्टरनं. काहून?”

“तिफण नाही लावली?”

“बैल कुठी हायत आता? अन् यंदा जरा दाट पेरलं. तुले सांगतलं होतं ना?”

सांगितलं असेल. ड्यूटीच्या गडबडीत मी हो हो केलं असेल.

“एका तासापासून दुसरा तास मोजून सांगा. आत्ता.”

ते वावरातच होते. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. इकडे मागून आवाज आला, “मॅडम, माकडालेच फोन लावला का? ये म्हना खाली!” लोक हसले. टिनावर माकड उठून उभं राहिलं. ते गेलं तर परत कधी दिसेल, आणि त्याला आधी ती कालवलेली भाकरी दिसेल की आम्ही?

“दीड वीत नि दोन बोटं,” बाबा म्हणाले.

मी तळहातावर पेनानं मांडलं. पंधरा इंच गुणिले पंचावन्न. एकवीस मीटर. म्हणजे निशाणा एकवीसला लावला होता, पंचवीसला नाही. सुई इथून खाली गेली असती. सरळ गुडघ्यावर.

डॉक्टर साहेब म्हणाले, “घुंडी फिरवून घ्या.” मी नाही म्हटलं. न तपासता फिरवलेल्या घुंडीवर माझा भरवसा नव्हता. एकवीसवर मात्र होता. पण त्यासाठी भिंतीचा आडोसा सोडून चार मीटर उघड्यावर जावं लागणार होतं.

“माझं चुकलं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “अंतर मी चुकीचं धरलं. जवळ जाते.”

“घ्या, हे शिकलेले!” कुणीतरी म्हणालं. ते लागलं मला. अजून लागतं.

उभं राहिलं की ते अंगावर येतं, म्हणून बसल्या बसल्या सरकत गेले. काका मागून टेप सोडत होते. चार मीटर सुटले, म्हणजे एकवीस उरले, तशी त्यांनी टेप ओढून खूण केली. माकड माझ्याकडेच पाहत होतं, पण पुन्हा आडवं बसलं. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

मांडीत. त्यानं सुई उपटली, हातात धरून पाहिली, फेकली. थोड्या वेळानं डोलायला लागलं आणि घसरत आम्ही खाली धरलेल्या जाळीत आलं.

खरी भीती त्यानंतर वाटली. डॉक्टर साहेब पिंजऱ्याच्या दारातून त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत पिंजऱ्याजवळ उकिडवी बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्याची पापणी हलली. मग ते उठलं, दोन्ही पायांवर नीट उभं राहिलं आणि माझ्यावर दात विचकले.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. “लागली का?”

“लागली. मांडीत.”

“मंग? म्हनलं होतं ना, टेप कायले पाह्यजे!”

काका माझ्या शेजारीच टेप गुंडाळत होते. मी म्हटलं, “हो बाबा.”