रोझीनचं खोटं घड्याळ

आमच्या खोऱ्यात माणूस भेटला की लोक आधी त्याच्या मनगटाकडे बघतात, मग तोंडाकडे. यात उद्धटपणा काही नाही. पाचातल्या तीन घरांतून कुणी ना कुणी घड्याळाच्या कारखान्यात जातं, तेव्हा डोळे आपोआप तिकडे वळतात. रोझीन मातीलच्या मनगटावर मात्र वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत काहीच नव्हतं. वेळ विचारली तर ती चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवायची.

ती वरच्या कारखान्यात कडा मारायची. घड्याळाच्या पोटात ज्या लहान लहान पोलादी आणि पितळी पट्ट्या असतात, त्यांच्या कडा तिरक्या तासायच्या आणि आरशासारख्या चकचकीत करायच्या, हे तिचं काम. घड्याळ घालणाऱ्याला त्या बहुधा कधी दिसतही नाहीत. चकाकी आणायला ती जेन्शियन या डोंगरी फुलझाडाच्या वाळलेल्या काड्या वापरायची. त्याही दुकानातल्या नाहीत. दर शरदात स्वतः कुरणावर जाऊन तोडून आणायची आणि बाल्कनीत वाळत घालायची. पट्टीत जिथे आतल्या बाजूला कोपरा येतो, तिथे दोन कडा सुरीसारख्या टोकदार भेटायला हव्यात. मशीनला ते जमत नाही, मशीनचा कोपरा गोल येतो. अख्ख्या कारखान्यात तसा कोपरा मारणारी दोनच माणसं होती आणि त्यातला दुसरा रोझीनला विचारून करायचा.

मी अठरा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसलो, म्हणून हे सांगतोय. मुलगा चार वर्षांचा असताना तिचा नवरा पलीकडच्या खोऱ्यात आणि पलीकडच्या बाईकडे निघून गेला, त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. घड्याळांबद्दल मात्र भरपूर बोलायची. एकदा मी विचारलं, "रोझीन, तुला कधी घड्याळ घ्यावंसं वाटत नाही?"

"जे घ्यावंसं वाटतं ते परवडत नाही, ओरेल," ती म्हणाली. "आणि जे परवडतं त्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे."

पुढे मी कारखाना सोडला आणि स्टेशनच्या रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्हा दुरुस्तीवाल्यांची एक जुनी रीत आहे. घड्याळ उघडून साफ केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने आपली खूण आणि तारीख कोरायची, म्हणजे पुढच्याला कळतं की आधी कुणाचा हात लागलाय. रोझीनला याचा हेवा वाटायचा. कारखान्यात कामगाराने नाव कोरलं तर त्याच दिवशी घरी पाठवायचे. "मजा आहे तुझी," ती म्हणायची. "तू थेंबभर तेल घालतोस आणि सही ठोकतोस. मी महिना महिना एका पट्टीवर घालवते, आणि नाव मालकाच्या पणजोबाचं."

माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून एक पाटी आहे: नक्कल उघडली जाणार नाही. या बाबतीत रोझीन माझ्याहून कडक होती. एकदा सरहद्दीवर पकडलेली दोनशे घड्याळं कारखान्याने तिच्यापुढे ओतली, खरी-खोटी निवडायला. भिंग न लावता, कॉफी निवायच्या आत तिने काम संपवलं. एक घड्याळ तेवढं बाजूला ठेवलं होतं. साहेबांनी विचारलं, "हे खोटं का?" तर म्हणाली, "छे, हे आपलंच आहे. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी केलेलं दिसतंय."

तर अशी ही बाई सप्टेंबरात निवृत्त झाली. पूर्वी कारखाना निवृत्तीला घड्याळ द्यायचा. आता कारखान्याचा चौकटीतला फोटो आणि चीजचं एक चाक देतात. जेवण आम्ही जुन्या मंडळींनी कुरणावर ठेवलं होतं, इथल्या पद्धतीने, निखाऱ्यात सॉसेज पुरून. आम्ही नऊ जण लाकडाच्या ओंडक्यांवर बसलो होतो. नऊच्या नऊ घड्याळवाले. तेवढ्यात तिचा मुलगा ब्लेझ आला. तो पोस्टाची पिवळी प्रवासी बस चालवतो, गणवेशातच होता. फावड्यासारखे हात, मन लोण्यासारखं. घड्याळातलं त्याला शून्य कळतं.

त्याने खिशातून डबी काढली. "आई, आयुष्यभर तू ही दुसऱ्यांसाठी केलीस. जुनं आहे, एका म्हाताऱ्याकडून मिळालं. पण खरं आहे." आणि कारखान्याचं सगळ्यात नावाजलेलं घड्याळ त्याने तिच्या मनगटावर चढवलं.

नऊ जणांना एकाच क्षणी कळलं. अक्षरं जाडी, सेकंदकाटा अडखळत चालणारा, चावी बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! तिएबो, जन्मभर घड्याळाच्या पेट्या घडवलेला आणि तोंडाचा फाटका, त्याने सॉसेज खाली ठेवलं. मी तोंड उघडणार इतक्यात रोझीनचा जड बूट माझ्या पायावर येऊन बसला. तो तिथेच राहिला.

"ब्लेझ," ती म्हणाली, "असं घड्याळ आता करत नाहीत रे." मग एकेकाच्या डोळ्यांत बघत विचारलं, "हो की नाही?"

आम्ही सगळे निखारे उकरू लागलो. शेवटी तिएबोच म्हणाला, "नाही करत. असं मी तर कधीच पाहिलं नव्हतं." ब्लेझचा चेहरा असा फुलला की पुढे कुणाला काही बोलवेना.

तिने ते काढून कपाटात ठेवलं असतं तर विषय संपला असता. पण ब्लेझ रविवारी जेवायला यायचा, आणि एरवी ती त्याच्याच बसने बाजारात जायची. रोज मनगटावर घड्याळ. दोन आठवड्यांत खोरंभर झालं: रोझीन मातील नक्कल घालते. महिन्याभरात कारखान्याच्या संचालकांनी तिला बोलावलं.

तिथून ती सरळ माझ्या दुकानात आली. कोट न काढताच स्टुलावर बसली.

"काय म्हणाले?"

"चांगले बोलले. मादाम मातील, बसा, कॉफी घ्या. मग टेबलावर एक घड्याळ ठेवलं. हेच, पण खरं. माझ्या नावाच्या कागदांसकट. म्हणाले, हे तुमचं, आणि ते मनगटावरचं आमच्याकडे द्या, आम्ही चेचून टाकतो. मुलाला कळायचंही नाही."

माझा कानांवर विश्वास बसेना. ज्या घड्याळासाठी लोक घर गहाण टाकतात, ते या बाईला बशीत घालून दिलं होतं. "मग कुठे आहे ते?"

"तिथेच. उद्यापर्यंत सांगते म्हटलं."

"उद्यापर्यंत? अगं, आत्ता पळत जा! ब्लेझला काय कळतंय? त्याला घड्याळ आणि बसचा काटा यातला फरक कळत नाही."

"त्याला नाही कळणार. मला कळेल. रोज सकाळी साहेबांचं घड्याळ बघायचं आणि पोराचं चेचलं ते आठवायचं."

"पोराने तुला फसवलंय, रोझीन."

"फसवायला समोरचं माणूस फसावं लागतं." ती हसली, पण थोडंच. "त्याने दोन उन्हाळे रविवारच्या जादा फेऱ्या मारल्यात त्यासाठी. मला वाटायचं बाई आहे कुणी."

"आणि शिकवणं?" मी विचारलं.

जानेवारीपासून आठवड्यातून दोन सकाळी कारखान्याच्या शाळेत नव्या पोरींना कडा मारायला शिकवायचं, हे तिचं ठरलेलं होतं. गेली दोन वर्षं ती दुसरं काही बोलत नव्हती. आतला कोपरा आपल्याबरोबर मातीत जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

"नक्कल घालणाऱ्या बाईला शाळेत उभं करता येणार नाही, म्हणाले. त्यांचंही खरंच आहे." तिने मनगटावरचं घड्याळ एकदा फिरवलं. "मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते."

आणि तेव्हा मी जे बोललो ते मला आजही खातं. मला राग आला होता. तिच्यासारख्या हाताची बाई असल्या डबड्यापायी शाळा सोडते, याचा. मी म्हणालो, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. लोक हसतायत तुला, आणि बरोबर हसतायत."

तिने पिशवी उचलली, माझ्या पाटीकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी संचालकांना नाही म्हणून सांगितलं. शाळा गेली.

नंतर सहा वर्षं आम्ही फक्त नमस्कारापुरते उरलो. गुरुवारच्या पत्त्यांना ती यायची, पण माझ्या टेबलावर बसायची नाही. तिएबो अधूनमधून टोचायचाच, "किती वाजले, रोझीन? खरे सांग हं." ती शांतपणे मनगट बघून वेळ सांगायची. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. दर शरदात तिच्या बाल्कनीत जेन्शियनच्या काड्या वाळत पडलेल्या दिसायच्या. मी मनात म्हणायचो, सवय, दुसरं काय! कामाचं माणूस घरी बसलं की हात शिवशिवतात.

या फेब्रुवारीत ती गेली. न्यूमोनियाने, आठ दिवसांत. मार्चमध्ये ब्लेझ दुकानात आला. जुन्या पाकिटातून त्याने ते घड्याळ काढलं.

"पाटी वाचली मी, ओरेल," तो म्हणाला. "तरी आलोय. खोटं आहे हे. खऱ्यासाठी माझे पैसे कधीच पुरले नसते, म्हणून आईला खोटं सांगितलं. तिला शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं एक बरं झालं. आता बंद पडलंय. चालू कराल?"

मी दार लोटून घेतलं आणि घड्याळ उघडलं. कारखाना आणि दुकान धरून चाळीसेक वर्षांत उघडलेली पहिली नक्कल.

आतलं यंत्र कुठेही घाऊक मिळतं तसलं, स्वस्तातलं. पण एकाही पट्टीची कड कोरी नव्हती. सगळ्या तिरक्या तासलेल्या, सगळ्या आरशासारख्या, तिरकं धरलं की काळ्याभोर दिसणाऱ्या चकाकीच्या. भिंग लावून आतले कोपरे बघितले. टोकदार. एकूण एक टोकदार. असलं काम मी कारखान्यातल्या सगळ्यात महाग घड्याळातही मोजक्या वेळा पाहिलंय. झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला सुईने कोरलं होतं: रोझीन मातील. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव. खाली सहा तारखा, सगळ्या सप्टेंबरातल्या. दर वर्षी घड्याळ उघडून ती एकेका पट्टीवर बसली होती.

मला तिथल्या तिथे लाज वाटली. सहा वर्षं मी त्या काड्या खालून बघत गेलो आणि एकदाही जिना चढलो नाही.

ब्लेझला सांगावं की नाही? माझ्या पायावर बूट ठेवायला ती आता नव्हती. मी त्याच्या हातात भिंग दिलं.

तो बराच वेळ बघत राहिला. कडांचं त्याला काही कळलं नसेल, पण नाव वाचता येत होतं. "हे आईने कोरलं?"

"हो. आणि त्या चकचकीत कडाही तिच्याच."

"म्हणजे तिला माहीत होतं."

"तू पट्ट्याचा चाप लावायच्या आधीपासून."

तो स्टुलावर बसला, सहा वर्षांपूर्वी ती बसली होती त्याच. "तिएबो एकदा म्हणाला होता, कारखान्याने तिला खरं देऊ केलं होतं. मी म्हटलं, हा काहीही बरळतो."

"नाही बरळला."

ब्लेझने तोंडावरून हात फिरवला. पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. मग विचारलं, "खऱ्या घड्याळांतही तिचं नाव असं असतं का हो? आत कुठेतरी?"

"नाही," मी म्हणालो. "एक्केचाळीस वर्षांत एकावरही नाही. हे एकच."

तो रडला. मीही. सांगायला लाजायचं काय त्यात.

घड्याळाला फक्त तेल हवं होतं. चार दिवसांनी झाकण बसवायच्या आधी मी तिच्या शेवटच्या तारखेखाली माझी खूण कोरली, बारीक. पाटी अजून आहे तिथेच. दुसरी नक्कल मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही.

पट्टा वाढवून ब्लेझ ते आता स्वतः घालतो. परवा सकाळच्या बसला मी आणि तिएबो बरोबरच चढलो. तिएबोने सवयीप्रमाणे आधी मनगट बघितलं.

"ए ब्लेझ, आता तुला सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "ते घड्याळ खोटं आहे."

"माहीत आहे," ब्लेझ म्हणाला. "आईने केलंय ते." आणि त्याने दार लावून बस सोडली.