हिरवा रंग

"बाई, तेवढा चहा पाहा."

अध्यक्षसाहेब मले म्हणाले, आन् मी उठली. भरल्या सभेतून. मी मेंबर होती, चपराशीण नोहे. पण उठली.

आमच्या गावची नगरपालिका म्हणजे तळ्याच्या काठावरची एक लांब खोली. जुने लोक तिले अजून कमेटीच म्हणत. बायायसाठी एक जागा होती, आन् तिच्यावर अध्यक्षायले गरीब, गप बसणारी बाई पायजे होती. मी चौथी शिकलेली, तळ्याकाठी भाजीपाला लावणारी माळीण. मलेच नेऊन बसवलं. खुर्ची दाराजवळ. टेबल तिथून दहा पावलं लांब. पहिल्याच दिवशी अध्यक्ष हसून म्हणाले, "येताना मेथी आणत जा, बाई. ताजी असते तुमची." मी दर सभेले जुड्या नेत गेली. मले वाटे, मान हाये हा. खरं सांगते, लाज वाटते आता.

त्या दिवशी टेबलावर गावाचा मोठा नकाशा पसरला होता. पुढच्या वीस वर्षांत गाव कसं होईल त्याचा आराखडा, असं सेक्रेटरी म्हणाले. मी चहाले जाता जाता वाकून पाह्यलं. मधात निळं तळं. आन् तळ्याच्या उगवतीले, जिथं आमच्या तेरा घरायचे वाफे हायेत, तिथं हिरवागार रंग! मी मनात म्हणलं, पाहा बा, आपली मेथी, आपली कोथिंबीर नकाशात बी दिसते.

मागच्या खोलीत स्टो पेटवला. चहा उकळला, कपबश्या भरल्या. ट्रे घेऊन आली तं नकाशाची गुंडाळी झालेली. माह्या खुर्चीवर कोणाची तरी छत्री ठेवलेली.

"ठराव झाला, बाई," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचं अनुमोदन टाकलं. इथं सही करा."

त्यायनं बोट ठेवलं तिथं मी सही केली. उभ्यानंच. छत्री उचला म्हणायची हिंमत नाई झाली.

घरी येऊन गल्लीभर सांगतलं. "आपले वाफे नकाशात हिरवे रंगवले! वीस वर्षं कोणी हात लावत नाई आता." सासूनं गूळ वाटला. गल्लीतल्या दोघा-चौघायनं कमेटीत जाऊन नकाशा पाहतो म्हणलं, तं मीच त्यायले थांबवलं. "मी मेंबर हाये नं, कायले जाता?"

मंग एका सकाळी ओव्हरसिअर दोन गडी घेऊन आला. बरोबर खुंट्या आन् दोरी. पहिली खुंटी ठोकली ती आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात. मी धावत गेली.

"काऊन ठोकून राह्यले हो इथं?"

"बगीचा होणार ना, बाई. फिरायचा रस्ता, बाकडे, कारंजं. नकाशात हिरवं म्हणजे सार्वजनिक बाग. हे वाफे उठतील." तो माह्याकडं पाहतच राह्यला. "तुम्हाले माहीत नाई? अनुमोदक तं तुम्हीच हाये."

पायाखालची माती सरकली. ज्या मातीत सासऱ्यानं हयात घातली, तळ्यातून घागरी वाहून वाहून जे वाफे जगवले, ते मीच देऊन आली होती. ट्रे हातात धरून.

सासू बांधावर बसली होती. तिनं सारं ऐकलं. शिवी नाई दिली. एवढंच म्हणाली, "तुनं त्यायले चहा पाजला, आन् त्यायनं आपल्याले पाणी पाजलं."

ते बोलणं मले अजून लागते. संताप आला, आधी माह्या सोताचाच आला. मंग त्या छत्रीचा.

दुसऱ्या दिवशी कमेटीत गेली. भिंतीवर एक कागद लावलेला होता, कधीचा. बोट ठेवून ठेवून वाचला. आराखड्यावर कोणाची हरकत असन तं मुदतीत लेखी द्यावी. मुदतीचे चार दिवस राह्यले होते. घरी येऊन तेरा घरायच्या तेरा हरकती मीच लिहिल्या, शाई संपली तं उसनी आणली. लोकायनं अंगठे दिले. काही जण माह्या तोंडाकडं न पाहता देत होते, काही बोलून घेत होते. मी ऐकून घेतलं, सोसलं. कागद कमेटीत देऊन पोच घेतली.

सभेच्या दिवशी मेथी नेली नाई. खुर्ची उचलली, टेबलाजवळ नेऊन ठेवली आन् बसली.

अध्यक्षायनं नेहमीसारखं म्हणलं, "बाई, तेवढा चहा..."

"नाई."

  मी म्हणलं, "आधी मागच्या सभेचं वाचा."

सेक्रेटरीनं वाचलं. आराखड्याचा ठराव, सूचक अमुक, अनुमोदक म्हणून माह्यं नाव.

"हे खोटं हाये. तवा मी मागं चहा करत होती. माह्यं अनुमोदन नाई."

एक मेंबर हसला. "बाई, झाडंच तं लावणार हाये तिथं. भाजी काय अन् झाडं काय, हिरवंच ते!"

अध्यक्ष हसले नाईत. समजावल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला यातलं कळत नाही. गावाचं वीस वर्षांपुढचं पाहावं लागतं."

 मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मंग दाखवा नं, साहेब. वीस वर्षांपुढं त्या नकाशात मी कुठं हाये? माह्यी सासू कुठं हाये? बाकडं दिसते. आम्ही कुठं ते दाखवा."

अध्यक्षायनं पुढचा विषय घ्या म्हणून सेक्रेटरीले खूण केली.

"माह्यं अनुमोदन खोडा. आन् माह्या नावापुढं विरोध लिहा. लिहिल्याबिगर मी उठत नाई, तुम्हालेही उठू देत नाई."

सेक्रेटरीनं अध्यक्षाकडं पाह्यलं.  शेवटी अध्यक्षायनं मान हालवली. कागदावर टाक कुरकुरला. मी उलटीकडून वाचत होती, एकेक अक्षर. ठराव पुन्हा मतायले टाकला. साऱ्यायचे हात वर. माह्या एकटीचा खाली. सभा माह्या विरोधात गेली. चहा त्या दिवशी झालाच नाई.

खुंट्या अजून आमच्या वाफ्यायत हायेत. हरकती वरच्या ऑफिसात गेल्या, तिथून काय येईल कोणाले ठाऊक. सासू माह्याशी अजून मोजकंच बोलते. पण मी आता एक बी कागद वाचल्याबिगर सही करत नाई, आन् टेबलाजवळची खुर्ची सोडत नाई. आराखडा वीस वर्षांचा हाये म्हणते ते. असो. वीस वर्षं मी त्या टेबलाशी बसीन, आन् दर खेपेले विरोध लिहून घेईन.