केलेपीचा वरचा सात

केलेपीला कुणी काही विचारलं नाही तरी तो सांगायचाच. शनिवारी दुपारी चर्चच्या बँडची तालीम संपली की माणसं मागच्या पडवीत चटया टाकून कावा नावाच्या मुळ्यांच्या गुंगीदार पेयाच्या लाकडी भांड्याभोवती बसायची, आणि करवंटीचा पहिला फेरा पुरा व्हायच्या आत केलेपीची शिकवणी सुरू व्हायची. आमच्या हापाईच्या बेटांवर बोट चुकते, वीज चुकते, पण केलेपीचा सल्ला चुकत नाही, असं सोसाया म्हणायचा. सोसाया बँडमध्ये दुसरा ट्रंपेट वाजवायचा. जीभ मात्र त्याची पहिली होती.

"माउथपीस ओठांवर दाबू नका रे," केलेपी सांगायचा. "सूर ओठांतून येत नाही. पोटातून येतो."

"माझ्या पोटातून सध्या कालचं डुक्कर येतंय," सोसाया म्हणायचा.

"म्हणूनच तुझ्या सुराजवळ कुणाला उभं राहवत नाही. आणि हा कावा वाजवून झाल्यावर प्यायचा, आधी नाही. ओठ बधिर झाले की ट्रंपेट काय आणि पाण्याचा पाइप काय, सारखंच."

"आणखी काही, गुरुजी?"

"ऊस! ट्रंपेटवाल्याने उसाला दात लावायचा नाही, चाकू लावायचा. पुढचे दात म्हणजे घराचे खांब. खांब गेला की छप्पर आलंच खाली."

हे तो बोटाने स्वतःच्या दातांवर टकटक करून सांगायचा. बोट मात्र डावीकडच्या दातावर आपटायचा. उजवीकडचा पुढचा दात खोटा होता, आणि तो कशाने गेला हे केलेपीला आणि पांगाई शहरातल्या दातांच्या डॉक्टरला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. उसानेच गेला होता. मळ्यात एकटा होता, चाकू घरी राहिला होता, आणि ऊस असा रसरशीत होता की गुरुजींना धीर निघाला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

खोट्या दाताने खाता येतं, हसता येतं, प्रार्थना म्हणता येते. खालचे सूरही निघतात. पण सूर वर चढायला लागला आणि माउथपीस ओठाला जरा घट्ट टेकला की आतली कवळी हलायची आणि फुंक बाजूने निसटायची. आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात. सा म्हणजे तीन, तिथून वर मोजत जायचं. दफनाच्या वेळी वाजवतात त्या स्तोत्रात शेवटच्या ओळीआधी ट्रंपेट एकटाच उडी मारतो, थेट वरच्या सातावर, म्हणजे वरच्या पंचमावर, आणि तिथे थांबतो. बाकीचा बँड तेव्हा गप्प असतो. त्या सुरावर शवपेटी खड्ड्यात उतरते. बायकांच्या रडण्याला त्या सुरापाशी वाट फुटते. हा सूर गेली कित्येक वर्षं केलेपीचा होता. गावात म्हातारी माणसं सांगून ठेवायची, मला पोचवायला केलेपीचा सात हवा.

दात गेल्यावरचं पहिलं दफन एका म्हाताऱ्या धर्मोपदेशकाचं होतं. त्या दिवशी केलेपीने ट्रंपेट उचलला. त्याने फुंक मारली, दात हलला, आणि तरीही वरचा सात निघाला. स्वच्छ, लांब, न थरथरता. केलेपी क्षणभर चकितच झाला. मग त्याला कळलं की आपला ट्रंपेट मुका आहे. सूर शेजारून येत होता. शेजारी त्याची भाची लोसे उभी होती. शाळेच्या बँडमधून नुकतीच चर्चच्या बँडमध्ये आलेली, आणि त्याच आठवड्यात का कोण जाणे, तालमीत खुर्ची ओढून त्याच्या बाजूला येऊन बसलेली. ती समोर बघत होती. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

दफनानंतर लोकांनी केलेपीचे हात हातात घेतले. "आज तर देवाच्या कानाशी पोचवलंस," एक म्हातारी म्हणाली. त्याच वेळी त्याने तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याने मूठ झाकली, आणि पुढे ती उघडायची सवयच मोडली.

त्यानंतरच्या प्रत्येक दफनाला तेच होत गेलं. केलेपी ट्रंपेट वर धरायचा, गाल फुगवायचा, चाव्या दाबायचा आणि दम आतच कोंडून ठेवायचा. लोसे वाजवायची. दोघं एकमेकांशी या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. आणि शनिवारी केलेपी पडवीत बसून वरचा सात कसा काढावा हे सगळ्यांना समजावून सांगायचा. त्याला लाज वाटायची नाही असं नाही. सांगताना कानाच्या पाळ्या तापायच्या. पण गप्प बसला असता तर लोकांना पाणी कुठे मुरतंय ते कळलं असतं, या भीतीने तो आणखी जोरात सांगायचा.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. बँडमास्तर फिलिमोने हा कमी बोलणारा, तिरकस मानेचा माणूस. एकदा तालमीनंतर त्याने केलेपीला बाजूला घेतलं.

"लोसेला तुझ्या जागी पहिल्या खुर्चीवर बसवावं म्हणतो. तुझं काय मत?"

"पोरगी चांगली आहे," केलेपी म्हणाला, "पण दम तोकडा आहे तिचा. अजून दोनेक वर्षं जाऊ देत."

फिलिमोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला आणि "बरं" म्हणाला. केलेपी वळला तेव्हा खिडकीच्या पलीकडे लोसे ट्रंपेट पुसत उभी होती. फडकं तिच्या हातात थांबलं होतं. त्या दिवशी केलेपी घरी गेला आणि जेवला नाही. ज्या दमावर आपली अब्रू उभी आहे त्याला आपण तोकडा म्हणालो, हे त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

लोसेची आई हिंगानो ही केलेपीची सख्खी बहीण. आमच्याकडे बहीण म्हणजे भावाच्या डोक्यावरचं माणूस. मिसरूड फुटल्यापासून केलेपी तिच्यासोबत एका छपराखाली बसला नव्हता. ती ओट्यावर आली की तो मागच्या दाराने बाहेर. तिच्यासमोर थट्टा नाही, वावगा शब्द नाही, काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. पण मळ्यातलं पहिलं कोनफळ आणि जाळ्यातला पहिला मासा तिच्या घरी जायचा, आणि यात केलेपीने कधी कुचराई केली नाही. बहिणीच्या पोरांना तर मामाच्या घरातलं काहीही उचलायचा हक्क असतो. डुक्कर आवडलं, घेऊन गेले, चटई आवडली, गुंडाळली. मामाने हूं की चूं करायचं नाही. या हक्काच्या माणसाला आम्ही फाहू म्हणतो. लोसेने मामाकडून आजवर साधा नारळ उचलला नव्हता.

मग हिंगानो गेली. तापाचं निमित्त झालं.

आमच्या रीतीप्रमाणे बहीण मेली की भाऊ खालच्या बाजूचा. केलेपीने जुनी फाटकी चटई छातीपर्यंत गुंडाळली आणि मागच्या अंगणात जमिनीतल्या भट्टीपाशी जाऊन बसला. मृताजवळ त्याने जायचं नसतं. लाकडं फोडायची, डुकरं भाजायची, अळूचे कंद सोलायचे. धुराने डोळे चुरचुरत होते आणि त्या निमित्ताने रडता येत होतं. पण रडण्याच्या आतून एक वेगळी भीती त्याला कुरतडत होती आणि तिचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. लोसे आईच्या पेटीजवळ असणार. बँडमध्ये नसणार. वरचा सात कोण वाजवणार?

फिलिमोने धुरातून वाट काढत आला.

"कपडे बदलू नकोस. चटईसकटच ये. बँड निघतोय."

"माझी जागा इथे आहे," केलेपी म्हणाला. "मी खालच्या बाजूचा आहे."

"बँड थडग्यापासून लांब उभा राहतो. तुला कोण अडवतंय? तुझी बहीण आहे रे. तिला तुझा सात नको?"

केलेपी उठला. हात राखेने काळे होते ते त्याने चटईला पुसले आणि ऑकलंडहून धाकट्या भावाने पाठवलेला आपला ट्रंपेट घेतला.

थडगी आमच्याकडे पांढऱ्या वाळूत असतात. बँड ताडांच्या सावलीत उभा राहिला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. केलेपी खालचे सूर वाजवत होता आणि मनात मोजत होता. बहिणीला पोचवताना माणसाने बहिणीचा विचार करावा. हा दाताचा विचार करत होता. तिसरी ओळ संपत आली. त्याने दम घेतला. माउथपीस ओठावर टेकवला आणि कवळी हलली. आता पेटी उतरेल आणि फुस्स असा आवाज येईल, सगळ्या गावासमोर, हिंगानोच्या पेटीसमोर, हे त्याला लख्ख दिसलं.

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातातून ट्रंपेट ओढून घेतला.

लोसे होती. केस मोकळे, काळे कपडे, डोळे सुजलेले. एका शब्दाने न विचारता, चारचौघांत, हिसका देऊन घेतला तिने. लगेच ओठाला लावला आणि वरचा सात वाजवला. आईच्या पेटीकडे तोंड करून वाजवला. तो सूर इतका लांब चालला की पेटी तळाला टेकली तरी तो थांबला नव्हता.

संध्याकाळी कावा पिताना सोसायाने केलेपीच्या पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. फाहूपुढे कुणाचं काय चालतं? आयुष्यात पहिल्यांदा हक्क गाजवला पोरीने, तोही आजच. नाहीतर तूच वाजवला असतास."

केलेपीने करवंटी तोंडाला लावली. "हो," तो म्हणाला.

त्या एका "हो"ने त्याला झोप लागू दिली नाही. सकाळ झाली तसा तो लोसेच्या घरी गेला आणि पहिल्यांदाच त्या घराची पायरी बिनदिक्कत चढला, कारण आता आत बहीण नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा तो दारातच थबकला. लोसे चटया आवरत होती. ट्रंपेट भिंतीशी टेकवून ठेवला होता.

"न्यायला आलास का मामा?"

"नाही. फाहूने नेलेलं कुणी परत मागतं का?" त्याने दाराची चौकट धरली. "तू... तू बरं केलंस. वेळेवर आलीस."

"मी नाही आले. आईने पाठवलं."

केलेपी चौकट सोडून आत आला.

"तालमीचा आवाज इथवर येतो," लोसे म्हणाली. "ती ओट्यावर बसून ऐकायची. एकदा मला म्हणाली, 'तुझ्या मामाचा सात फुटायला लागलाय. लोकांसमोर फुटायच्या आत जा, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बस. आणि मी पाठवलं म्हणून सांगू नकोस, त्याला लाज वाटेल.' दर दफनाला मी घरी आले की विचारायची, 'निभावलं का?'"

"आणि तो दम... मी जे बोललो ते..."

"ऐकलं होतं मी. घरी येऊन रडले. बँड सोडते म्हणाले. आई म्हणाली, 'भावाची लाज ती माझी लाज. तू वाजव.'" लोसेने चटईची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. "ताप चढला तेव्हा म्हणाली, 'माझ्या दिवशी तू बँडमध्ये नसशील. त्याच्या हातातून ट्रंपेट काढून घे. तुझा हक्क आहे. लोक हक्क बघतील, त्याचा ओठ बघणार नाहीत.'"

केलेपी खालीच बसला. पहिलं कोनफळ, पहिला मासा पाठवून आपण भावाचं कर्तव्य केलं असं तो जन्मभर समजत आला होता. ती मरता मरता त्याच्या दाताची काळजी वाहत होती, आणि तो तिच्या मुलीला दोन वर्षं थांबवा म्हणून सांगत होता. तो लहान मुलासारखा रडला. या वेळी धूर नव्हता.

पुढच्या शनिवारी तालमीला माणसं जमली तेव्हा केलेपी पहिल्या खुर्चीवर बसला नाही. हातात बँडच्या कपाटातला जुना, पोचे आलेला ट्रंपेट होता.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. सोसाया "सल्ला आला!" म्हणणार होता, पण त्याच्या तोंडाकडे बघून थांबला. "धर्मोपदेशक गेले तेव्हापासून वरचा सात मी वाजवलेला नाही. एकदाही नाही. लोसे वाजवत होती. माझा दात खोटा आहे."

कुणी चकित झालं नाही. कुणी तोंडावर हात ठेवला नाही. माणसं आपापल्या चाव्यांना तेल लावत राहिली.

"आम्हाला कान आहेत, केलेपी," फिलिमोने कागद लावता लावता म्हणाला. "कधी सांगतोस याची वाट बघत होतो."

केलेपीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे पडवीतल्या त्या सगळ्या शनिवारी, तो सात कसा काढायचा ते सांगत असताना, ही सगळी माणसं माना डोलवत होती.

"दात कशाने गेला?" सोसायाने हळूच विचारलं.

"उसाने."

थट्टेला याहून चांगली संधी सोसायाला जन्मात मिळाली नसती. पण त्याने फक्त शेजारची खुर्ची सरकवून केलेपीला जागा करून दिली.

लोसे आली, उभी राहिली, कुठे बसावं ते तिला कळेना. फिलिमोनेने छडी उचलली.

"पहिला ट्रंपेट, तयार?"

सवयीने केलेपीची मान वर झाली. मग त्याने ती खाली घातली. लोसे पुढे जाऊन पहिल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तयार."