मन्रोंचा गुडघा

डोलिना अर्कर्ट दुकानात आलेल्या माणसाला ‘काय हवंय’ असं कधी विचारत नसे. ती विचारायची, ‘कुणाचा तू?’ स्कॉटलंडमधल्या डिंगवॉल गावाच्या मुख्य रस्त्यावर, खाटकाच्या दुकानावरच्या माडीवर ती किल्ट, म्हणजे पुरुषांचे चौकडीचे निऱ्यांचे घागरे, शिवायची आणि आत्याच्या काळापासून तिथे एकच कायदा चालत आला होता: ज्याचं कूळ, त्याचं कापड. नुसता रंग आवडला म्हणून दुसऱ्याच्या कुळाच्या चौकड्या मागणाऱ्याला ती जिना दाखवायची. एकाने खुलून दिसतं म्हणून मॅक्लाउडांचं पिवळं मागितलं, तेव्हा ती म्हणाली होती, ‘मग पडदे शिवून घ्या.’

साठी उलटली तरी बाईची सुई आणि जीभ दोन्ही धारदार होत्या. लग्नाचं कुणी विचारलं तर सांगायची, ‘अख्ख्या गावातल्या पुरुषांच्या कंबरा मोजल्यात मी. एकही पसंत पडली नाही.’

एप्रिलमध्ये स्ट्रुअन गेडिस आला. सुतारकाम करणारा लाजाळू पोरगा. जूनमध्ये त्याचं लग्न होतं. डोलिनाने मापं घेतली आणि फळीवरून एक थान ओढलं.

‘गेडिस म्हणजे गॉर्डन कुळाच्या आसऱ्याचे. हे बघ, हिरवं-निळं, मध्ये पिवळी रेघ.’

त्याने कापडाला हातसुद्धा लावला नाही. ‘मन्रोंचं लाल नाही का मिळणार?’

‘तू कधीपासून मन्रो झालास?’

‘लॅकीने वाढवलंय ना मला.’

हे सगळ्या गावाला माहीत होतं. स्ट्रुअन तीन वर्षांचा असताना त्याचा बाप मागे आडनाव तेवढं ठेवून निघून गेला. पुढे आईने दुधाचा टँकर चालवणाऱ्या लॅकी मन्रोशी लग्न केलं.

‘खेळांच्या मैदानावर पाऊस आला की मी त्याच्या किल्टच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभा राहायचो,’ स्ट्रुअन म्हणाला. ‘ओल्या लोकरीचा तो वास अजून नाकात आहे. माझं कूळ विचाराल तर ते.’

डोलिनाने गॉर्डनांचं थान फळीवर परत ठेवलं. पण कायदा तो कायदा. ‘मन्रोंचं कापड मन्रोने द्यायला हवं. जा, विचार त्याला.’

‘आणि नाही म्हणाला तर? आजवर एकदा मुलगा म्हणाला नाही मला. मीसुद्धा त्याला लॅकीच म्हणतो. त्याला यातलं काही सांगू नका हं, बाई.’

आठवड्याने खुद्द लॅकी आला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुना किल्ट घेऊन. ‘पोट सुटलंय. जरा सैल कर.’ दारापाशी जाऊन तो पुन्हा वळला. ‘नाहीतर राहू दे. सूटच घालतो. पोरगा गेडिसांच्या कापडात उभा राहणार आणि शेजारी मी हा लालभडक. लोक म्हणतील, दुसऱ्याच्या पोरावर हक्क सांगतोय.’

‘मग सांग की हक्क!’

‘त्याला बाप आहे. आडनाव दिलंय त्याने.’

‘आणखी काय दिलंय?’

लॅकीने पिशवी टेबलावरच सोडली. ‘त्याच्याजवळ बोलू नकोस यातलं,’ एवढं म्हणून जिना उतरला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एका टेबलावर सूप पिणारे दोन धडधाकट पुरुष आणि दोघेही मूग गिळून बसलेले! डोलिनाला आधी संताप आला, मग हसू. दोघांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. पण वचन जिभेने दिलं होतं, सुईने नाही.

दुसऱ्या सकाळी तिने लॅकीचा किल्ट उसवायला घेतला. हाताने शिवलेल्या किल्टचं हेच सुख, काही कापावं लागत नाही. उसवा आणि पुन्हा शिवा. वरचं लाल उन्हापावसाने विटलं होतं, पण निऱ्यांच्या पोटातलं कापड थानावरून नुकतं उतरल्यासारखं होतं. तिने ते आतलं बाहेर काढलं आणि स्ट्रुअनच्या मापाने निऱ्या घातल्या. किल्टची लांबी कमी करतात ती कंबरेकडून, म्हणून कंबरपट्टी तेवढी लावायची ठेवली आणि शनिवारी दोघांना एकाच वेळी बोलावलं.

लॅकी वर आला तेव्हा स्ट्रुअन किल्ट घालून पडद्याआडून बाहेर येत होता.

‘हा माझा आहे,’ लॅकी म्हणाला.

स्ट्रुअन कानापर्यंत लाल झाला. ‘मला वाटलं, बाईंनी नवा... थांब, उतरवतो.’

‘उतरवायचं मग बघू,’ डोलिना म्हणाली. ‘आधी गुडघे टेक. लांबी बघायचीय.’

स्ट्रुअन गुडघ्यांवर बसला. किल्टचा काठ जमिनीवर पसरला. टेकायला नको असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

‘झकास!’ डोलिना म्हणाली. ‘अगदी बरोबर.’

लॅकी खाकरला. त्याने पाय बदलला. मग मात्र त्याला राहवेना. ‘काय बरोबर? लोळतोय जमिनीवर!’

‘मला तर ठीक दिसतोय.’

‘डोळे गेले का तुझे? एक बोट तरी वर हवा! मन्रोंचा गुडघा झाकलेला कुणी पाहिलाय का आजवर? आणि माझ्या मुलाने लग्नात असं लोंबतं...’

तो थांबला. शब्द गेला होता तोंडातून.

स्ट्रुअनने वर पाहिलं नाही. ‘किती वर घेऊ म्हणालास, बाबा?’

लॅकी कण्हत कण्हत त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. आपलं जाडजूड बोट त्याने काठाला आडवं लावलं. ‘एवढं,’ तो म्हणाला. स्ट्रुअनने त्याच्या खांद्यावर हात टाकला. डोलिनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने दोष लोकरीच्या धुळीला दिला.

जरा वेळाने लॅकीने विचारलं, ‘आणि मी काय घालू?’

‘तुझ्यासाठी मन्रोंचं नवं थान मागवलंय. हे पोट बघता नेहमीचे आठ वार पुरायचे नाहीत.’

बापलेक वाद घालत जिना उतरले. मोज्यांचा रंग कुठला असावा यावर त्यांचं जुंपलं होतं. डोलिनाने किल्ट टेबलावर उलटा पसरला आणि सुईत दोरा ओवला. कंबरेच्या आतल्या बाजूला, वरच्या काठापासून बरोबर एक बोट खाली, कंबरपट्टी लावायची रेघ तिने सोमवारीच खडूने मारून ठेवली होती.