तोंड बघून घेतलेला चमचा

रोज सकाळी ओव्हन तापेपर्यंत मावशी खायच्या सोड्याच्या बरणीत मोठा चमचा बुडवायची, सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करायची आणि चमचा डोळ्यांसमोर आडवा धरून बघायची. मनासारखा भरला असेल तरच सोडा पिठात. ती बेकरीत केक करायची. कॉलेजला जाता जाता मी तिथे केकच्या कडा खायला थांबायचे.

एकदा त्या चमच्याचा दांडा मोडला. मावशी बरणीच पिशवीत घालून भांड्यांच्या दुकानात गेली, सोबत मी. गोल चमचे बरणीच्या तोंडाशीच अडत होते. ती एकेक घालून बघत राहिली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "चमचा घेताय की बरणीचं लग्न जमवताय?"

"नवरदेव दारातून आत तर यायला हवा ना!" म्हणत तिने एक लांबट, खोलगट चमचा निवडला.

त्याच आठवड्यात गिऱ्हाइकं केक कडवट लागतोय म्हणू लागली. मालकीणबाई ओट्याशी आल्या.

"मावशी, सोडा किती घालता?"

"नेहमीचाच. एक सपाट चमचा."

"मग तुमचा हात चुकायला लागलाय. सोमवारपासून तुम्ही खोकी बांधा. ओव्हन दुसरं कुणी बघेल."

मावशीचा चेहरा उतरला. पण केकचा तुकडा ती चघळतच राहिली, कुणी कोडं घातल्यासारखी. मग तिने मोडलेल्या चमच्याच्याच संचातला मापाचा छोटा चमचा काढला आणि त्याने नव्या मोठ्या चमच्यात पाणी ओतू लागली.

"तीन छोटे म्हणजे एक मोठा. इतकी वर्षं हेच."

तिसरा ओतला, तरी जागा उरली. आम्ही तिघी श्वास रोखून वाकलो. चौथाही मावला, थेंब न सांडता.

"अगंबाई! तोंड बघून घेतला मेला, पोट बघायचं राहिलंच."

मालकीणबाईंना हसू फुटलं. "मग आता?"

"आता छोट्याने तीनदा घालते. तरी कडू लागला, तर खोकी बांधते."

केक कडू लागला नाही. खोकी मला बांधायला लावली.

पुढे घरात नवा चमचा आला, की मावशी आधी तो पाण्याने मोजायची. म्हातारपणी तिने अंथरूण धरलं. तिचं शेवटचं नेहमीसारखं बोलणं मला आठवतं, ते औषधाच्या वेळचं. बाटलीसोबत प्लॅस्टिकचा नवा चमचा आला होता. मी झाकण उघडलं, तशी तिने माझं मनगट धरलं.

"थांब गं. आधी पाणी आण."