केळे आणि केये

बाळांनो, परवा तुमच्यापैकी धाकटीचे पत्र आले. त्यात तिने लिहिले आहे, "आजी, कालजी करू नकोस," आणि खाली माफी मागितली आहे, की तिला 'ळ' म्हणता येत नाही आणि तिकडच्या मराठीच्या वर्गात त्यावरून हसतात. उत्तर चार ओळींत देता आले असते. पण याच अक्षरापायी मी एकदा एका बाईला वर्गातून जवळजवळ घालवले होते, आणि ते तुम्हाला सांगायचे राहून गेले आहे. हात अजून चालतो आहे, तोवर लिहून ठेवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी नुकतीच बी.ए. होऊन अमरावतीच्या मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. वडील वकील, त्यामुळे घरात सगळे पुस्तकी मराठी. दुपारी शाळेच्या ओसरीवर मी मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग घेई. बाजार उठला की माळ्यांच्या बायका उरल्यासुरल्या भाजीच्या टोपल्या भिंतीशी ठेवून बसत. माझ्या वहीत प्रत्येकीचे एक पान आखलेले होते. बरोबर वाचले की टिंब, चुकले की तांबडी फुली.

त्यांत चाळिशीची एक बाई होती. तिची लेक बार्शीटाकळीला दिलेली, थोडे शिकलेली. ती पत्र पाठवी. ते शेजारचा एक म्हातारा वाचून दाखवी आणि संध्याकाळपर्यंत लेकीचे सुखदुःख गल्लीभर होई. या बाईला पत्र स्वतः वाचायचे होते, बाकी काही नको होते. पण सगळ्यांत जास्त फुल्या तिच्याच पानावर. पुस्तकात 'केळे' असले की ती 'केये' वाचे, 'शाळा'ची 'शाया' करी, 'काळे'चे 'काये'. मी दुरुस्त करी, ती पुन्हा तेच म्हणे.

एके दिवशी ती म्हणाली, "बाई, मी उद्यापासून नाई येत. घरी साऱ्यायले समजते, इथंच काहून चुकते?"

मी म्हटले, पुस्तकात तसे नाही.

अकोल्याला असाच वर्ग चालवणाऱ्या एका शिक्षिकेशी माझे ठरले होते. एका शनिवारी तिने माझ्या वर्गात गुपचूप बसायचे, पुढच्या शनिवारी मी तिच्या. मग चहा घेताना जे दिसले ते भीडभाड न ठेवता सांगायचे. नेमकी दुसऱ्या दिवशी तिची माझ्याकडे येऊन बसायची पाळी होती. म्हणून मी त्या बाईला आणखी एकच दिवस ये म्हणून विनवले, आणि ती आली. अकोलेकरणीने तिचे वाचन ऐकले, माझी वही उघडली आणि विचारले, "ही फुली कशाची?"

मी सांगितले, ती 'ळ'चा 'य' वाचते म्हणून.

"अगं, 'ळ' ओळखल्याशिवाय ती 'केये' म्हणेल कशी? तिनं बरोबर वाचलं. तुलाच ऐकू आलं नाही. तुमच्या अमरावतीत शाळा फार, कान कमी."

मला राग आला, आणि लगेच कळले की तिचेच खरे आहे. तिने बाईला सांगितले, तुमच्या बोलीतला 'य' तोंडात असू द्या, फक्त कागदावर त्या जागी 'ळ' बसतो. बाई म्हणाली, "म्हंजे आमचा 'य' बामनाच्या घरी गेला का त्याचा 'ळ' होते." सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्याने अकोलेकरीण, कारण ती आणि मी दोघी त्याच घरच्या.

बाई यायची थांबली नाही. पण महिन्याभरात इन्स्पेक्टरसाहेब येणार असल्याची चिठ्ठी आली. बायका वाचू शकल्या नाहीत तर वर्ग बंद. साहेब पुण्याकडचे. त्या दिवशी अकोलेकरीण रजा काढून पॅसेंजरने आली आणि माझ्या शेजारी बसली. पहिलीच पाळी आमच्या बाईची. ती 'शाया' म्हणाली आणि साहेबांनी कागदावर फुली मारली. अकोलेकरीण उठून शांतपणे म्हणाली, "साहेब, आपल्या मनचं काही लिहून द्या. ती वाचून तसं करून दाखवील."

साहेबांनी लिहिले, "खिडकीजवळच्या टोपलीतले काळे वांगे दाराजवळ ठेवा."

बाईने कागद धरला, ओठ हलवले. "खिडकीजवयच्या टोपलीतले काये वांगे..." मग ती उठली, टोपलीतली हिरवी वांगी बाजूला सारून एकच काळे काढले आणि दाराशी नेऊन ठेवले.

"साहेब, हे शियं हाय. खायचं असन त दुसरं घ्या."

साहेब हसले आणि त्यांनी फुली खोडली. वर्ग राहिला. अकोलेकरीण लागोपाठ दोन कप चहा प्यायली आणि जाताना माझ्या वहीसारखी आखलेली एक वही मागून घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात बाई लेकीचे पत्र घेऊन आली. भिंतीकडे तोंड करून तिने ते सावकाश, पुन्हापुन्हा वाचले आणि घडी करून कमरेला खोचले. लेक काय म्हणते, असे मी विचारले.

"तुमाले काहून सांगू?" ती म्हणाली.

ती ओसरी आता नाही, तिथे पक्क्या खोल्या झाल्या आहेत. वही माझ्या लोखंडी कपाटात आहे. तिच्या पानावरच्या तांबड्या फुल्यांवर मी नंतर काळी टिंबे दिली, ती अजून दिसतात.