सुनेच्या अंगातली देवी

माझ्या सुनेच्या अंगात देवी येते असं बुवापाड्यातली आमची गल्ली वर्षभर मानत होती, आणि ते मानायला लावणारी मीच होते. आज हे लिहिताना लाज वाटते. पण देवीच्या नावावर जे खपवलं ते देवीसमोरच कबूल करायला हवं, म्हणून लिहिते.

वैशाली लग्न होऊन आली तेव्हा हसरी, कामसू आणि जराशी भित्री होती. जवळच्याच एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिच्या पहिल्याच नवरात्रात आमच्या एवढ्याशा खोलीत आरती चालली होती. वीस-पंचवीस बायका, धुपाचा धूर, झांजांचा दणदणाट, बाहेर पडायला वाट नाही. वैशाली एकदम थरथरायला लागली. छाती धरून खाली बसली, केस सुटले, धाप लागली. शेजारच्या मंगलताई म्हणाल्या, देवी आली. मी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा पुढे केला आणि त्यांनी तिचा मळवट भरला. ती ‘पाणी, पाणी’ म्हणत होती. आम्ही तांब्याभर पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि एकेक करून नमस्कार केले. प्यायला मात्र कोणी दिलं नाही.

आता खरं सांगते. मालक गेल्यापासून मला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. बोलावलं तरी कोपऱ्यात बसवायचे. आणि आता दर मंगळवारी आमच्याकडे तशीच आरती, तशीच गर्दी व्हायची, वैशालीला तसंच व्हायचं आणि त्याच बायका नारळ, ओटी घेऊन माझ्या दारात रांग लावायला लागल्या. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं मला विचारून मग वैशालीला विचारायचं. बायकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही भराभर चढले.

मंगळवार जवळ आला की पोरीचा चेहरा उतरायचा. पाच-सहा मंगळवार झाले असतील. एकदा भाकऱ्या थापताना ती हळूच म्हणाली, “आई, हे देवीचं नाही ओ. मला भीती वाटते. श्वास पुरत नाही, आत्ता मरणार असं वाटतं.”

“देवीला नाही म्हणू नये,” एवढंच मी म्हटलं. माझ्या मुलाने, सचिनने, डॉक्टरचं नाव काढलं तर मी त्याला देवीच्या कोपाचा धाक घातला. आधीच भ्यालेल्या पोरीच्या जिवाला मी आणखी एक भीती लावून दिली. कंपनीतही दोनदा तसं झालं, तेव्हा तिने नोकरी सोडली. मला वाईट वाटायच्या ऐवजी वाटलं, बरं झालं, आता देवीच्या सेवेला वेळ मिळेल. माझं हे वाटणं मला अजून रात्रंदिवस टोचतं.

पुढच्या नवरात्राआधी देवीला साडी घ्यायला आम्ही दोघी उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेलो. दुकान अरुंद, मागून गिऱ्हाइकांची रेटारेटी. वैशाली कपड्यांच्या गठ्ठ्यांपाशी मटकन खाली बसली. मी सवयीने हात जोडले आणि गल्ल्यावरच्या सिंधी बाईंना सांगितलं की हिच्या अंगात देवी येते, थोडं कुंकू असेल तर द्या.

बाई साठीच्या पुढच्या असतील. त्या म्हणाल्या, “बहन, हाथ बाद में जोड़ना. पहले बच्ची को देखो, डर गई है.”

त्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं, पंखा वळवला आणि गुडघ्यांवर हात टेकत कशाबशा जमिनीवर बसल्या. हात धरू का म्हणून आधी तिला विचारलं, मगच धरला. मैं इधर ही बैठी हूँ, अभी निकल जाएगा, असं हळू आवाजात सांगत राहिल्या. समोरच्या साड्यांचे रंग तिला एकेक करून सांगायला लावले. हिरवा, मोरपंखी, आंबा. दहा-पंधरा मिनिटांत तिचा श्वास ठिकाणावर आला आणि त्या परक्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. आमच्या घरी वर्षभर ती दमून पडेपर्यंत आरती आणि नमस्कार थांबत नव्हते. मला आजही वाटतं की त्या दिवशी देवी त्या दुकानात होती, पण माझ्या सुनेच्या अंगात नव्हती.

बाईंच्या धाकट्या बहिणीला हाच त्रास होता. मन के डॉक्टर को दिखाओ, उशीर करू नका, असं त्यांनी हिंदी-मराठीत बजावलं. आम्ही त्याच आठवड्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, हा चिंतेचा आजार आहे, नाटक नाही आणि चमत्कारही नाही. औषधं आणि बोलून उपचार, दोन्ही सुरू झाले. घरच्यांनी गर्दी करू नये, तिला काय हवं ते तिलाच विचारावं, असंही सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होते.

नंतरच्या मंगळवारी बायका नारळ घेऊन आल्या, तेव्हा मी दारातच उभी राहिले. म्हटलं, “देवी येत नव्हती. माझी सून आजारी आहे. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.” मंगलताई भलतंसलतं बोलू नका म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. मधे पुन्हा यायला लागलेली आमंत्रणंही थांबली.

पुढे साडीच्या निमित्ताने मी त्या बाईंचे आभार मानायला गेले. त्यांनी मला ओळखलंच नाही, काय दाखवू म्हणून विचारलं. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले आणि परत आले.

वैशालीची माफी मात्र तोंडाने मागितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी बाजूला ठेवून म्हणाली, “तुम्ही सगळ्या माझ्या पाया पडत होता, आई. एकीने तरी जवळ बसायला पाहिजे होतं.” माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

आता सचिन आणि वैशाली बदलापूरला राहतात. ती पुन्हा कामाला जाते. त्रास कमी झालाय, पण मधूनच उठतो. शरण जाणं म्हणजे देवीपुढे डोकं टेकणं एवढंच मी जन्मभर समजले होते. आपलं मोठेपण आणि आपलंच खरं करायची खोड खाली ठेवणं फार अवघड असतं, आणि देवीला बहुधा तेच हवं असतं. तिने माझ्याकडून ते एका परक्या बाईकरवी करून घेतलं, हे तिचे उपकार. वैशालीचं गेलेलं वर्ष मात्र मला परत देता येत नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे असतानाच तिला पुन्हा तसं झालं. ती पलंगाला टेकून खाली बसली होती. मी दारातूनच विचारलं, “बसू का गं?” तिला बोलवत नव्हतं. तिने जराशी सरकून जागा केली.